एक पाईप वर

यंदा सावली बरोबर पडते आहे आणि मला तिचा राग येतो आहे.

मार्गशीर्ष लागला. लातुरात भर दुपारीही उन्हात बसावंसं वाटायला लागलं. मंडईत ओल्या तुरीच्या, वालाच्या, हरभऱ्याच्या शेंगांचे ढीग लागले आणि बायका येळवसेच्या सणाच्या भज्जीसाठी आत्तापासून हुडकाहुडकी करायला लागल्या. चौकातल्या माझ्या लोखंडी ज्वारीची सावली रोज थोडी थोडी उत्तरेकडं सरकत पाच दगडांपर्यंत येऊन पोचली. ठरवलं होतं अगदी तशी. पालिकेच्या बागांचं काम बघणाऱ्या इंजिनिअर साहेबांनी फोटो पाठवला, खाली हात जोडलेली चार चित्रं आणि ‘अभिनंदन मॅडम’. मी फोन उपडा ठेवला आणि दहावी ‘ब’च्या चित्रकलेच्या वह्या तपासत बसले. सगळ्यांना जरा जास्तच कमी मार्क पडले असतील.

ज्यांनी ही सावली बघायची होती ते अप्पा श्रावणात गेले. मागच्या मार्गशीर्षात ते होते, डोळ्यांना नीट दिसत होतं, चाकाच्या खुर्चीत बसून तिथं आले होते. तेव्हा ती पडली नाही. मला आठवत राहतो तो मागचा मार्गशीर्ष, आणि आठवला की मी चिडते. आधी जगावर चिडते आणि शेवटी येऊन स्वतःवर ठेपते.

अप्पा म्हणजे माझे वडील. औशाजवळ आमची जमीन, काळी, चिकट, पाय ठेवला की चप्पल मागून घेणारी. अप्पांच्या हाताला कधी घड्याळ नव्हतं. सूर्य डोक्यावर आला की ते बांधावर ताठ उभे राहायचे, स्वतःच्या सावलीचं टोक कुठं पडलंय तिथं मला खडा ठेवायला लावायचे आणि मग पावलाला पाऊल लावून ते अंतर मोजायचे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, पुढं सावली अशी नसतेच, ती पायाखाली जाते. मग दसऱ्याला तीन पावलं, दिवाळीला चार, असं करत करत ती सहा पावलांची झाली की येळवस आली. त्या वेळी ज्वारी पोटऱ्यात असते, कणीस अजून पानाच्या आत लपलेलं. शाळेत मी पृथ्वीचा कललेला आस शिकले ते पुष्कळ नंतर. सूर्य दक्षिणेला जातो आणि ज्वारीला पोट येतं, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्रच शिरल्या होत्या, त्या अजून वेगळ्या झालेल्या नाहीत.

येळवस आमच्याकडची. लातूर, धाराशिव, थोडा नांदेडचा भाग, बस्स. वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. शेतात कडब्याचा कोप, म्हणजे खोपटं, करायचा, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, ते पांडव. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ताकातली ज्वारीची आंबील, बाजरीचे उंडे. पिकाभोवती आंबील शिंपडत फिरायचं. त्या दिवशी लातूर शहरात कुत्रं सापडत नाही म्हणतात ते खरं आहे. ज्याला शेत आहे तो शेतात, ज्याला नाही तो ज्याला आहे त्याच्या शेतात. पुण्याहून बदलून आलेल्या आमच्या एका मुख्याध्यापकांनी त्या दिवशी पालक सभा ठेवली होती. बिचारे एकटेच खुर्च्या मोजत बसले होते.

तर चौकातल्या त्या तिकोनी तुकड्यात काहीतरी ‘सुंदर’ करून द्या, असं पालिकेनं मला सांगितलं, तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. आधीचा बेत कारंज्याचा होता. प्यायच्या पाण्यासाठी रेल्वे आलेली ज्या गावानं बघितली त्या गावात कारंजं. मी म्हटलं, ज्वारीचं एक ताट, उभं धाट, करू. दोन पुरुष उंच, लोखंडाचं. त्याच्या कणसाची सावली दुपारी कुठं पडते त्यावरून कळेल की रानात आत्ता काय चाललंय.

हे काम रशीदभाईंनी केलं. त्यांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, ग्रील, शटर, पत्र्याचे शेड असली कामं. माझ्या नवऱ्याचं डाळ मिलच्या सुट्या भागांचं दुकान असल्यामुळं घरी जुन्या चाळण्यांचा ढीग होताच. त्या भोकाभोकांच्या पत्र्यांचं आम्ही कणीस केलं. पहिल्यांदा ते उन्हात धरलं तेव्हा रशीदभाईंनी मला हाक मारून खाली दाखवलं. सावलीच्या आत उजेडाचे गोल दाणे पडले होते. भोकं लांबुळकी होती आणि दाणे मात्र गोल. मी त्यांना सांगितलं की प्रत्येक दाणा म्हणजे सूर्याचं चित्र आहे, ग्रहण लागलं की हे सगळे दाणे चंद्रकोरीसारखे होतील. त्यांनी मुंडी हलवली आणि निम्म्याहून जास्त भोकं बुजवायला घेतली, कारण दाणे एकमेकांत मिसळत होते. त्या दुपारइतका आनंद मला नोकरीत कधी झालेला नाही, हे लिहून ठेवते.

ताटाच्या बुडापासून उत्तरेकडं आम्ही काळ्या दगडांची एक रेघ टाकली. भर दुपारी, म्हणजे आपल्या घड्याळात बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी, सावली त्या रेघेवर येते. रेघेवर खुणेचे दगड. सावली एकाच जागी वर्षातून दोनदा येते, सूर्य जाताना आणि येताना, म्हणून प्रत्येक दगडाला दोन अंगं दिली. एका अंगावर पळसाचं फूल, दुसऱ्यावर भोरड्यांचा थवा, ज्वारी खायला उतरणारा. एका दगडाला टिटवीची अंडी. आणि रेघेच्या शेवटी, जिथं वर्षातली सगळ्यात लांब दुपारची सावली पोचते, तिथं पाच दगड आडवे मांडलेले, चुन्यानं पांढरे केलेले. अमावस्या दरवर्षी मागं-पुढं होते, पण त्या दिवसांत सूर्य जवळजवळ थांबल्यासारखाच असतो, त्यामुळं कणसाची सावली या पाचांवरून एकामागून एक फिरत जाते आणि मधल्यावर आली की दुपार. बुडाशी लॉन लावायचं घाटत होतं. मी चार चकरा मारून ते रद्द करवलं आणि तिथं दरवर्षी खरी ज्वारी पेरायची असं कबूल करून घेतलं. लोखंडाची उभी राहील आणि मातीतली येत-जात राहील.

फाल्गुनात ताट उभं राहिलं. वैशाखात एका दुपारी त्याची सावली बुडात गडप झाली. शाळेतली पोरं जमली होती, स्वतःच्या पायाखाली सावली शोधत गोल गोल फिरत होती. सगळं मनासारखं चाललं होतं आणि तिथंच माझं डोकं हललं असणार.

जूनमध्ये निकाल लागला. लातुरात तो हंगाम वेगळा, त्याला नक्षत्र नाही पण गडगडाट पुष्कळ. माझी मुलगी ऋतुजा डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत पास झाली, चांगल्या मार्कांनी. नांदेडला तिचा नंबर लागणार हे नक्की झालं. पेढे वाटून हात दुखले. आठ दिवसांत तिच्या क्लासच्या सरांचा फोन आला. चौकाच्या दक्षिणेला रस्त्यापलीकडं त्यांची इमारत आहे, तिच्या गच्चीवर बारा पोरांच्या फोटोंचा बोर्ड लावायचा होता. मी ऋतुजाचा सगळ्यात चांगला फोटो दिला. बोर्ड चढवला जाताना मी मुद्दाम बघायला गेले. सांगाडा बसवत होते ते आमचे रशीदभाईच. खाली फुटपाथला एक कडुलिंब आहे, त्याच्या शेंड्याआड दुसरी ओळ जात होती. ऋतुजा दुसऱ्या ओळीत. रशीदभाईंनी वरून विचारलं, “मॅडम, और एक पाईप लेऊं क्या?”

मी खालून ओरडले, “घ्या. एक पाईप वर.”

त्यांनी घेतला. लेक सबंध चौकाला दिसायला लागली. मी माझ्या लोखंडी ताटाजवळ उभी राहून वर बघत होते, माझ्या दगडांवर लख्ख ऊन होतं. जूनमध्ये सूर्य आपल्या डोक्याच्याही थोडा उत्तरेला असतो, बोर्डाची सावली पडलीच तर मागच्या बाजूला. दक्षिणेला काही उंच नको, हे मी स्वतः नकाशावर लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं. ती मीच होते आणि ही पण मीच.

दसऱ्याच्या आगेमागे अप्पा गोठ्यात पाय घसरून पडले. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण चालणं संपलं. त्यांना लातूरला माझ्याकडं आणलं. ते तक्रार करणारे नव्हेत, पण दिवाळी झाल्यावर रोज सकाळी विचारायला लागले, येळवस किती दिवसांवर आली म्हणून. भावाच्या शेतापर्यंत शेवटचा एक मैल बैलगाडीची वाट, खड्ड्यांची. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. ऐंशी वर्षांत एकही येळवस शेताबाहेर न केलेला माणूस. मी त्यांच्या पलंगाशी बसून सांगितलं की शेताला जाता येत नाही तर चौकात करू. माझे पाच दगड आहेत, तुमची सहा पावलांची सावली तिथं पडते, तुम्हाला दाखवते. अप्पांनी ते काम कधी बघितलं नव्हतं. लोखंडाची ज्वारी म्हणजे लेकीचं काहीतरी खूळ, एवढंच त्यांना माहीत होतं. पण त्या दिवशी ते म्हणाले, “दाखीव मंग. बघू तुझी सावली कितीक खरी हाय ती.”

मला आणखी काय हवं होतं? आयुष्यभर शाळेत डोंगर आणि त्याच्यामागून उगवणारा सूर्य काढायला शिकवला. एक काम असं झालं होतं जे अप्पांच्या मापाला लागणार होतं.

कार्तिकात चौकातली ज्वारी रुसली. उत्तरेकडची ताटं छातीला लागली आणि दक्षिणेकडची गुडघ्याएवढी, पिवळी, किडकिडीत. मी पाणी घालणाऱ्या माळ्याला बोलले. खताला बोलले. बियाण्याला बोलले. मग फोटो काढून अप्पांना दाखवला. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले की पाणी-बिणी काही नाही, हिला ऊन लागत नाही. “कशाची तरी सावली हाय ह्याच्यावर. काय हाय तिकडं?”

दुसऱ्या दिवशी दुपारची सुटी टाकून मी जाऊन बघितलं. बोर्डाची सावली रस्ता ओलांडून ज्वारीत शिरली होती. बारा पोरांची सावली. त्यांची डोकी-बिकी त्यात काही दिसत नाहीत, नुसता एक काळा चौकोन, पण मला आपलं उगाच वाटत राहिलं की त्यातला हा तुकडा ऋतुजाचा. मी दोरी लावली, कोन मोजला, वहीत आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले. येळवसेपर्यंत सावली पाची दगड गिळून दोन हात पुढं जाणार होती. आणि बोर्ड एक पाईप खाली असता तर दगड सुटले असते. रशीदभाईंकडं गेले तर ते वेल्डिंगची काच वर करून शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुमीच बोलले ना.”

मग सुरू झालं ते हेलपाट्यांचं एक महिनाभराचं पारायण. क्लासचे सर चहा पाजायचे. त्यांचं म्हणणं असं की आत्ताच पुढच्या वर्षाची चौकशी करायला पालक येतात, आत्ताच बोर्ड कसा उतरवू? आणि हसून म्हणायचे की स्वतःच्या लेकीचा फोटो खाली घ्या म्हणणारी पहिलीच आई बघतोय. इंजिनिअर साहेब तर फारच मदतीला तयार. ते म्हणाले, दोन हॅलोजन लावून देतो, बारा महिने चोवीस तास सावली पाडू. नाहीतर दगडच इकडं सरकवा की मॅडम, पाचच तर आहेत. मी त्यांना सूर्य समजावून सांगायला लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं की मग हॅलोजन किती लागतील.

ऋतुजाला फोन केला. ती म्हणाली, “आई, काढून टाक गं तो फोटो, हॉस्टेलवर मुली मला बोर्डवरची बाई म्हणतात.” पण बोर्ड तिच्या एकटीचा नव्हता. एकदा मी दोरी घेऊन तिथं उभी असताना एक नवरा-बायको आले. किनवटकडच्या एका तांड्यावरचे. मुलगा आश्रमशाळेत शिकला, मग इथं क्लासला आला, बोर्डावर पहिल्या ओळीत होता. त्याला बघायला पहाटेच्या गाडीनं निघून ते आले होते. बाईंनी माझ्या हातात फोन दिला आणि दोघं माझ्या पाच दगडांवर चढून उभी राहिली, वरचा मुलगा फोटोत यावा म्हणून. मी पाय खाली घ्या म्हणणार होते. म्हटलं नाही, फोटो काढून दिला. चिडायला सोपा असा एकही माणूस मला त्या महिन्यात मिळाला नाही, याचासुद्धा वैताग आला.

अमावस्येला चार दिवस राहिले तेव्हा सर एकदम तयार झाले. त्यांच्या आईचाही खुबा तसाच मोडलेला, हे बोलता बोलता निघालं. त्यांनी एकच अट घातली. बोर्ड तासाभरासाठी खाली घ्यायचा तो येळवसेच्याच दिवशी, कारण त्या दिवशी शहरात एकही पालक नसतो. मी इतकी खूश झाले की त्यांना वाकून नमस्कार करायची बाकी राहिले. रशीदभाई म्हणाले, चार माणसं लागतील, आणतो. मी घरी येऊन अप्पांना सांगितलं की सगळं झालं. पालक नसतात तशी माणसंही नसतात, हे जन्मापासून येळवस करणाऱ्या आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

येळवसेच्या सकाळी अप्पांनी अंघोळ करून भस्म लावलं, नवं धोतर नेसवून घेतलं. भावाचं घर पहाटेच शेतात गेलं होतं. मी डब्यात भज्जी आणि उंडे घेतले, लहान लोट्यात आंबील. नवऱ्यानं खुर्ची रिक्षात घातली. रिक्षा आमच्या शेजाऱ्याची, तोही आम्हाला सोडून शेतात पळाला. चौकात कुणी नव्हतं. दुकानांची शटर खाली, सिग्नल आपला लाल-हिरवा होत होता. अकरा वाजता रशीदभाई एकटे आले. दोन पोरं निलंग्याकडं गेली होती, दोन फोन उचलत नव्हती. त्यांनासुद्धा दरवर्षी एका मित्राच्या मळ्यात जेवण असतं, ते सोडून आले होते. ते पाना घेऊन गच्चीवर चढले. माझा नवरा मागून चढला, त्याला उंचीवर गरगरतं, तरी चढला. नटांना गंज चढला होता. एका बाजूचा एक नट निघाला, दुसरा निघाला, बोर्ड थोडा कलला आणि तिसरा जागचा हलेना. खालून मला ठोकल्याचे आवाज ऐकू येत होते.

बारा वाजले. सव्वाबारा झाले. मी अप्पांची खुर्ची पाच दगडांसमोर नेऊन ठेवली होती. आम्ही दोघं त्या काळ्या चौकोनाच्या आत होतो, तिथं चांगलंच गार लागत होतं, त्यांच्या गुडघ्यांवर मी माझी शाल टाकली. आमच्या सगळ्या बाजूंनी रस्त्यावर ऊन होतं. अप्पांनी मान वर करून बोर्ड बघितला. नातीचा चेहरा त्यांनी ओळखला, बराच वेळ बघत राहिले, हसले. मग विचारलं, “येवढं उंच कुणी लावलं हे?”

मी म्हटलं, “क्लासवाल्यांनी.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. वरून ठोकायचा आवाज थांबला होता. रशीदभाई कठड्याशी येऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरले आणि मान हलवली. बारा वाजून चोवीस मिनिटं. मला रडू येत नव्हतं, नुसता संताप. मी लोटा उघडला, आंबील पाची दगडांवर शिंपडली, अर्धी खालीच सांडली.

अप्पा खुर्चीतून पुढं वाकले. दगडांकडं नीट, डोळे बारीक करून बघितलं, पेरणीच्या ओळीकडं बघायचे तसं. मधल्या दगडावर बोट धरलं. तिथं आंबिलीच्या ओलाव्याशिवाय काही नव्हतं.

“पडली की माय,” ते म्हणाले, “बराबर मधल्यावर पडली. लई नेमकी केलीस.”

त्यांनी आयुष्यात कधी न मोजता सावली सांगितली नव्हती. मी हो म्हटलं.

वैशाखातल्या वादळात बोर्डाचं कापड फाटलं, सांगाडा वाकला, मग तो काढूनच टाकला. त्यानंतर वर काही चढलेलं नाही. काल भर दुपारी मी शाळेतून येताना चौकात थांबले. कणसाची सावली मधल्या दगडावर आली होती आणि तिच्यात उजेडाचे गोल दाणे अगदी स्वच्छ दिसत होते. दोन मुली मोबाईलवर फोटो काढत होत्या. एकीनं मला विचारलं, काकू, बरोबर पडली का हो ही?

मी वाकून मधल्या दगडावर बोट धरलं.